चौदावं माणूस

२८ डिसेंबर

झाले! कॅप्टन झाले! आमच्या उमेदवाराच्या कचेरीतून फोन — "लव्हॉन, कॉकसला तुमच्या वॉर्डातला आपला कोपरा तुम्हीच सांभाळा." कॉकस म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची सभा, तिथला कोपरा मीच सांभाळणार! एकतीस वर्षं या गावच्या पोरांना शाळेत जेवू घातलंय. मला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?

व्हर्लाला कळलं असेलच. ती दुसऱ्या उमेदवाराची कॅप्टन, दर वेळची. थोरली बहीण ना! गेल्या कॉकसला शंभर माणसांत म्हणाली, "हिला मोजायला देऊ नका, हिला धड मोजता येत नाही." चार वर्षं झाली, बोलणं बंद. नाताळला कार्ड येतं, तेही नुसत्या सहीचं.

३० डिसेंबर

थंडी अशी की पापण्या चिकटल्या. बावीस दारं वाजवली. अकरा जण म्हणाले, "बघू." आयोवात "बघू" म्हणजे नाही.

२ जानेवारी

उद्या! दालचिनीचे रोल, चार ट्रे. डळमळीत माणसं वासानेच ओढायची. हे राजकारण मला कुणी शिकवायला नको.

३ जानेवारी

रात्र फार झालीय, पण लिहिणारच.

शाळेचं जेवणघर — माझंच! त्र्याण्णव माणसं आली. आमच्यात चिठ्ठी नाही, पेटी नाही. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. कोपऱ्यात निदान चौदा माणसं हवीत, नाहीतर कोपरा मोडला आणि उमेदवार बाद.

कागदावर एकेकाचं नाव लिहिलं. तेरा. परत मोजली. तेराच! अध्यक्ष ड्वेन म्हणाला, "अर्धा तास देतो, लव्हॉन. एक माणूस आण, नाहीतर सगळे दुसरीकडे जा."

रोल फस्त झाले. खाल्ले सगळ्यांनी, आला एकही नाही! डुकरंवाल्या मायलोने तीन हाणले, वर म्हणतो कसा, "रोल झकास, उमेदवार फुसका." मेला!

पाच मिनिटं उरली. समोर व्हर्ला, आपल्या अडतीस माणसांत, हाताची घडी घालून माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, जाऊ दे ताठा. ओरडलेच — "व्हर्ला! एक माणूस कमी पडतंय गं. येतेस?"

तिने छातीवरचा बिल्ला काढला, पर्समध्ये टाकला आणि सरळ चालत आली. कॅप्टन, आणि स्वतःचा कोपरा सोडून! तिची माणसं ओरडायला लागली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला म्हणाली, "सरक जरा."

कोपरा टिकला! जिल्ह्याच्या सभेला आमचा एक प्रतिनिधी जाणार! मी रडले. रडले तर रडले. आज आई असती तर तिने दोघींकडे बघून टाळ्या पिटल्या असत्या.

४ जानेवारी

किराणा दुकानात तिघांनी हात मिळवला. ड्वेन म्हणाला, "पुढच्या वेळी पण तूच." मी म्हटलं, "बघू."

५ जानेवारी

कोपऱ्याच्या कागदाची नक्कल फ्रिजवर लावायला काढली. नावं वाचली. परत वाचली. माझं नावच नाही! सगळ्यांना मोजलं आणि स्वतःला विसरले. म्हणजे व्हर्ला यायच्या आधीच आम्ही चौदा होतो.

शरमेने मेले. तरी तिला फोन केला, सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी तिथून दोनदा मोजलं होतं."

"मग आलीस कशाला?"

"तू हाक मारलीस."