ओल्या फडक्यातली पानं

अम्मा, तू ज्या गल्लीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळायचीस, तिथंच आता मी पोरांचे वर्ग घेते. परदेशातल्या कॉलेजातली एक मुलगी महिनाभरासाठी आली आहे. ती पोरांना इंग्रजी शिकवते, पोरं तिला मराठी आणि आपलं तेलुगू शिकवतात, मधे मी दुभाषी. स्वतःच्या लेकीला शिकता यावं म्हणून शेजारणीनं तिच्या घराची पुढची खोली वर्गाला दिली आहे. तीही विड्याच वळते.

काल सकाळचा वर्ग सुटला, शेजारीण पाण्याला गेली होती, मी फळा पुसत होते. कोपऱ्यात ओल्या फडक्यात बांधलेली विडीची पानं या परदेशी मुलीला दिसली. कुजतील बिचारी, असं वाटून तिनं ती अंगणात बाजेवर उन्हात पसरली. आपलं सोलापूरचं ऊन. भिजवून मापानं कापलेली पानं पार तडकून गेली.

शेजारीण आली आणि रिकामं फडकं बघून खालीच बसली. "उद्या कारखान्यात विड्या द्यायच्यात. आता पुन्यांदा भिजवा, कापा. सांगा तिला, माजी पोरगी वर्गात येणार न्हाय. उद्या बी न्हाय, परवा बी न्हाय. कामाला बसंल ती."

मी सांगितलं. मुलगी आधीच गोरी, आणखी पांढरी पडली. मी कापते, म्हणाली. शेजारणीनं कात्री आणि पत्र्याचं माप तिच्यापुढं सरकवलं. "काप म्हणावं."

नवी पानं भिजली, दुपारभर कात्र्या चालल्या. शीर टाळून कसं कापायचं ते लेक तिला बोटानं दाखवत होती. मला मात्र धास्ती बसली होती. अशी एकदा उठलेली पोर पुन्हा वर्गात बसत नाही, हे मी बघितलं आहे. आणि सारखी तू आठवत होतीस. मी शाळेतून येऊन शेजारी बसले की तू मान वर न करता माझ्या सुपातली पानं तुझ्या सुपात ओढायचीस, म्हणायचीस, "ऊठ, तुजं काय काम हितं." फार राग यायचा मला.

संध्याकाळी पोरं वर्गाला आली. लेक जागची हलली नाही. शेजारणीनं एकदा तिच्याकडं बघितलं, मग तिच्या सुपातली पानं मुठीनं आपल्या सुपात घेतली. "जा की. दारात थांबल्यात समदी."

काय म्हणाल्या त्या, मुलीनं मला विचारलं. शब्द साधेच होते, पण मला सांगता येईना.

हे पत्र कुठं टाकायचं, मला माहीत नाही. एवढंच कबूल करते: माझ्या विड्या सैल होतात म्हणून तू मला उठवायचीस, असं मी काल संध्याकाळपर्यंत धरून चालले होते.