डावखुऱ्याचं जाकीट

१४ ऑक्टोबर, दुकानातूनच

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. शिलाई मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते, दोघांचं छान जमतं.

तुझी भाची तलवारबाजी शिकतेय. शाळेतले खेळाचे सर मला म्हणाले, "तुमच्या लोकांची मुलं धावण्यात पुढे असतात, तिला तिकडेच घाला." ही बया ताडकन म्हणाली, "सर, पण धावायचं कशापासून?"

तलवारबाजीच्या हॉलमध्ये आपल्या रंगाची ती एकटीच आहे. जाकीट मीच शिवलं. तलवारीच्या हाताच्या उलट बाजूला चेन लागते, म्हणजे समोरच्याच्या तलवारीचं टोक तिथे अडकत नाही. मी सवयीने डावीकडे लावली. घालून बघितल्यावर म्हणते, "आई, मी डावखुरी आहे. विसरलीस?"

सव्वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय आणि पोटच्या पोरीचा हात विसरले. उसवायला बसले आणि तू आठवलास. घरात डावखुरे तुम्ही दोघंच.

आता किती आढेवेढे घेऊ? तू शाळेत होतास तेव्हा तलवारबाजीच्या क्लबने तुला नाकारलं नव्हतं रे. तुझी निवड झाली होती. पत्र माझ्या हाती पडलं आणि मी ते कापडाच्या पेटीत तळाशी घातलं. चाचणीच्या दिवशी मी तुला घेऊन गेले होते ना, तेव्हा बाकावरच्या बायका तुझ्याकडे बघून हसत होत्या. वाटलं, या रोज हसतील. मग पत्राची वाट बघून थकल्यावर तू विचारलंस, "ताई, मी इतका वाईट खेळलो का?" आणि मी म्हटलं, "तो आपल्या लोकांचा खेळच नाही."

तू धावायला लागलास. पदकं आणलीस. सगळे म्हणाले, रक्तातच आहे. एकाही फोटोत तू हसला नाहीस, ते फक्त मला दिसायचं. फार चुकले मी.

ते पत्र सोबत पाठवतेय. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण रविवारी ये. तिचा पहिला सामना आहे. बाकावर आपल्यातली मी एकटीच असेन, आणि खरं सांगू, मला अजूनही त्या हसण्याची भीती वाटते. तिला नाही वाटत.

उरलेल्या कापडात आणखी एक जाकीट बसतंय. चेन उजवीकडेच लावेन. फक्त तुझ्या खांद्यांचं माप आता मला माहीत नाही. आलास तर घेईन.

टेप गळ्यात घालून वाट बघणारी,
तुझी ताई