मौनाचा गुरुवार

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी.
नेम सुरू. सप्ताहात महाराज म्हणले, धर्म एकदम डोक्यावर घेऊ नका, रोज एक इवलासा नेम धरा. मला पटलं. मी सांगते, सून आशा लिहिते. मला अक्षर येत नाय, त्यामुळं वहीत काय निघंल याचं टेन्शन नाय.
आजचा नेम : कुणाला नावं ठेवायची नाय. भिंतीपल्याड साळूबाईनं खलबत्त्यात पान कुटायला घेतलं. माझी धाकटी जाऊ. दात गेले, हौस गेली नाय. आशा म्हणली, आत्याबाई, हे लिहू का? म्हणलं, लिही, हे नावं ठेवणं नाय, माहिती आहे.

१३ जानेवारी, मंगळवार.
नेम : क्षमा. साळूला केली. माझ्या लेकाच्या, कारभारीच्या लग्नात, विहिणीसमोर म्हणली होती, अक्का, पुरण करपलंय. करपलं होतं. पण म्हणायचं असतं का? तवापासून बोलणं बंद. आता माफ.
आशा म्हणली, मग जाऊन सांगा की. म्हणलं, क्षमा मनात केली तरी देवाला पोचते, मधी साळूला कशाला त्रास. शिवाय धाकटीनं आधी यायचं असतं.
खलबत्ता आज उशिरा वाजला. मधीच थांबला. लई वेळानं परत वाजला. मला चिडवायला करती.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
नेम : गोड बोलणे. साळूसाठी वाटीत तिळाचे लाडू काढून ठेवले. आली की द्यायचे. आली नाय. तिचा लेक बद्रीनाथ बायकोला घेऊन गंगापूरला गेलाय, ऊस तोडणीला आलाय म्हणून. घरात ती एकटीच. दारातलं कुत्रं सकाळपासून आत तोंड करून बसलंय, भुंकत बी नाय. भाकरीची वाट बघत असंल.
आशा म्हणली, डोकावून येऊ का? म्हणलं, दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाय. हा बी एक नेमच.

१५ जानेवारी, गुरुवार. दिवेलागणीनंतर.
नेम : मौन, दिवा लागेपर्यंत. सगळ्यांत अवघड, आणि तोच साधला.
दुपारी आशा ड्यूटीवर, कारभारी कंपनीत. साळू भिंतीपाशी आली. इतक्या वर्षांनी माझ्याकडं बघून बोलली. अक्का, छाती भरून आलीय, हात जड पडलाय, कुणाला तरी हाक मारा. मी ओठावर बोट ठेवलं. हातानं खूण केली, बस, पाणी पी. ती बघत राहिली. मग म्हणली, अजून पुरणावरच आहात व्हय अक्का? हसली, पदरानं घाम पुसला, भिंत धरत धरत आत गेली.
महाराज म्हणलेच होते, नेमाची परीक्षा होते. मी पास झाले.

१६ जानेवारी, शुक्रवार.
काल एवढं लिहून आशानं पेन टाकला आन् बिनचपलीची पळाली. मग रिक्षा. मग दवाखाना. डॉक्टर म्हणला, दुपारीच आणायचं होतं.
बद्रीनाथ गंगापूरहून जीपनं आला. विचारलं, मोठी आई, तुम्हाला काय कळलं नाय का? म्हणलं, नाय रे बाळा, मी देवाचं करत होते.
आजचा नेम खरं बोलायचा होता. पण भावकीचं सुतक लागलं. सुतकात नेम चालत नाय.

१८ जानेवारी, रविवार.
बद्रीनाथची बायको साळूचा खलबत्ता देऊन गेली. म्हणली, सासूबाई रोज जास्तीचं एक पान कुटायच्या. म्हणायच्या, आवाज कानावर गेला की अक्का येईल, दात तर तिचे बी पडलेत.
घेतला. कुटून बघितलं. भिंतीपल्याड काय वाजलं नाय. कुत्रं तेवढं उठून माझ्या दारात आलं, आत तोंड करून बसलं.
लाडवांना मुंग्या लागल्या.
आशा गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाय. भाकरी वाढती, पाणी देती, सांगितलं तेवढं लिहिती. मघाशी म्हणलं, पोरी, कुठवर हे? काय तरी बोल.
तिनं ओठावर बोट ठेवलं.
नेम धरला असंल. चांगलं आहे. माझ्याकडूनच शिकली.