मार्लिसचे त्रेचाळीस लोगो

डुलुथ, ६ फेब्रुवारी

प्रिय वर्लिन,
स. न. वि. वि.

तुझ्याविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. पत्राचं पाकीट तू पाइप जोडायच्या चंदेरी चिकटपट्टीने का बंद करतोस? आतला मजकूर कुणी चोरेल अशी भीती असेल, तर तो एकदा स्वतः वाचून पाहा. दात, सुरी आणि शेवटी झाडं छाटायची कात्री लावली. पत्राचे दोन तुकडे झाले, आणि तुझ्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते मला कळलेलंच नाही.

माझी बातमी अशी, की केसल साहेबांची नोकरी सोडली. सव्वीस वर्षं त्यांच्या नावाखाली लोकांच्या पाट्या आणि खोकी सजवली. आता शिवणाच्या खोलीत स्वतःचं डिझाइनचं दुकान मांडलंय. गिऱ्हाईक एक: कुत्र्यांना आंघोळ घालणारी बाई. पण जिल्ह्याचा दूधसंघ सगळ्या खोक्यांचं रूप बदलतोय आणि अकरा मार्चला संचालकांपुढे माझी पाळी आहे. ते काम मिळालं तर दुकान चालेल. नाही तर एप्रिलपासून अर्ध्या पगारावर परत केसलकडे. त्याने माझी खुर्ची रिकामी ठेवलीय, आणि तसं गावभर सांगतोही.

अडचण एकच. लोगो विकणाऱ्या बाईला स्वतःचा लोगो नाही. सोबत सत्ताविसावा मसुदा आहे: माझ्या नावाचा एम, बर्फ पडलेल्या दोन शिखरांसारखा. कसा वाटतो, खरं सांग.

माया कर, चिकटपट्टी आवर.
तुझी मार्लिस


तळ्याकाठी, १५ फेब्रुवारी

चि. मार्लिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. पाकीट या वेळी सुतळीने बांधलंय, कात्री शेजाऱ्याला देऊन टाक.

तुझा लोगो मी माझ्या दुकानात, गळाला लावायच्या किड्यांच्या फ्रिजवर चिकटवला. माझी गिऱ्हाइकं मासे धरायला गोठलेल्या तळ्यात भोक पाडून दिवसभर त्यात बघत बसतात, तेव्हा बघण्याचा सराव त्यांना आहे. ऑर्विलने विचारलं, तुझी बहीण दातांची डॉक्टर कधी झाली. त्याला ती दाढ वाटली, आणि वरचा बर्फ म्हणजे भरलेली चांदी. त्याची बायको बराच वेळ पाहून एवढंच म्हणाली, की वेगळं आहे. मलाही तसंच वाटतं. वेगळं आहे.

गिऱ्हाइकांना जसं वागवतेस तसं स्वतःला वागवून बघ. याहून जास्त अक्कल इथे फोनसारखीच पोचत नाही.

थंडीत डोकं झाक. त्यात काही असलं नसलं तरी.
तुझा भाऊ, वर्लिन


डुलुथ, १ मार्च

प्रिय वर्लिन,
स. न. वि. वि. (सविनय आहे की नाही ते तूच ठरव.)

वेगळं आहे? आपण एकाच घरात वाढलो रे. हिल्मामावशी गाजर आणि मासा घातलेली हिरवी जेली आणायची तेव्हा आई हेच म्हणायची, आणि वाडगा कुत्र्यापुढे जायचा. या राज्यात कुणी कशाला वाईट म्हणत नाही, वेगळं म्हणतात. सरळ शिवी दिली असतीस तर मी आभार मानले असते.

तरी तुझं ऐकलं. गिऱ्हाइकांना देते ती प्रश्नावली स्वतःला दिली. तुमचा धंदा तीन शब्दांत सांगा. मी लिहिलं: घाबरलेला, पण स्वस्त. गिऱ्हाईक म्हणून मी असह्य आहे. अक्षर मोठं करायला लावलं, मग लहान, मग म्हटलं पहिलंच बरं होतं. त्रेचाळीस झाल्यावर मीच माझं काम नाकारलं.

खरं सांगू? सव्वीस वर्षांत एकाही कामावर माझं नाव नव्हतं. दुसऱ्याचं नाव कुठे बसवायचं ते हाताला झोपेतही कळतं. माझं लिहायला घेतलं की वाटतं, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलेय.

असो. एक मसुदा निवडून आज छापखान्याला धाडला. दुपारी तिथल्या ऑर्फाबाईंचा फोन. नमुना पाहिला, जरा वेगळं आहे, असंच छापायचं ना, म्हणाल्या. मी म्हटलं, वेगळं असायला तुमची परवानगी लागते का, अडीचशे छापा, आणि फोन आपटला. फार बरं वाटलं.

रागावलेली, तरी तुझीच,
मार्लिस


तळ्याकाठी, ७ मार्च

चि. मार्लिस,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय. छापखान्यातली बाई उगाच फोन करत नाही. परत विचार.

वर्लिन


डुलुथ, १३ मार्च

प्रिय वर्लिन,
स. न. वि. वि.

तुझं पत्र बाराला आलं. कार्डं अकराला आली, मी दूधसंघाकडे निघतानाच. खोकं त्यांच्या दारात, गाडीत उघडलं. सुंदर जाड कागद. खाली माझं नाव, पत्ता. वर मधोमध रेघांची चौकट, आणि चौकटीत अक्षरं: ‘इथे लोगो येईल’. लोगो ठरेपर्यंत आम्ही डिझाइनवाले अशी जागा अडवून ठेवतो. माझ्या फायलींची नावं ‘शेवटचा’, ‘खरंच शेवटचा’, ‘आईशप्पथ शेवटचा’ अशी, त्यांतली नेमकी कोरी गेली.

दुसरी कार्डं नव्हती. सात संचालकांना तीच वाटली. चाळीस मिनिटं मी खोक्यांबद्दल बोलले आणि सगळे माना खाली घालून. मला वाटलं झोपले. मग दिसलं, पेनं चालली होती. एकाने चौकटीत ट्रॅक्टर काढलेला, एकाने पाच पायांची गाय. अध्यक्ष आर्डिसबाई लिंडवॉल गोठा काढत होत्या, छप्पर जमेना म्हणून त्यांनी दुसरं कार्ड मागितलं. हे मुद्दाम केलंस का, असं विचारलं त्यांनी. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच: नाही, चूक झाली, मला स्वतःसाठी काढताच येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, केसलच्या माणसाने गायींना काळे चष्मे घालून दाखवले, चूक झाली असं मात्र नाही म्हणाला.

सगळं काम नाही दिलं. ताक आणि लोणी माझं, दुधाचं पानगळीत बघू म्हणाले. तेवढ्यावर दुकान वर्षभर निघेल. केसलला तसं कळवलं. निघताना एक म्हातारा संचालक माझ्या कागदांकडे बघून वाईट नाही म्हणाला. इथे याहून मोठं बक्षीस नसतं. मी गाडीत बसून थोडी रडले. उरलेली दोनशे बेचाळीस कार्डं तशीच वापरणार आहे.

आज सकाळी लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन छापखान्यात गेले. ऑर्फाबाईंना सांगितलं, की तुम्ही नीट विचारलं होतं आणि मी वाईट बोलले. त्यांनी ट्रेला दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतला.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझी मार्लिस