आर्डमोरला उंचवटा नाही

आबा,

काल फाटकावर पाटी लावली. उंबरशेत. वर मराठीत, खाली इंग्रजीत. तुम्ही असता तर उपटून चुलीत घातली असती, म्हणून आधीच सांगते, लाकूड जाड आहे आणि स्क्रू लांब आहेत.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढी वर्षं तुमचा शब्द पाळला, आता नाही पाळणार. धरणात गाव गेलं, आपल्याला माळावर आणून टाकलं, आणि पुनर्वसनाचा साहेब टेबल मांडून बसला तो दिवस मला आजही दिसतो. साहेब म्हणतो, "नवे उंबरशेत लिहू का?" सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघतात. तुम्ही म्हणता, "उंबर आहे का इथं? नाही ना? मग कसलं उंबरशेत? नंबर घाला." झालं. आपण सात नंबरची वसाहत झालो. मी पत्र्याच्या भिंतीवर कोळशानं गावाचं नाव लिहिलं, तर तुम्ही ओल्या गोणपाटानं पुसलंत आणि माझा कान धरलात. "गाव काय गाठोड्यात बांधून आणतात का?" चौथीत शाळा सुटली माझी. लिहिता येत होतं तेवढ्यातलं ते एक नाव होतं, तेही पुसलंत. पुढं मला बघायला आले, त्यांच्यातल्या मामानं विचारलं, "पोरगी कुठली?" कुणीतरी म्हणालं, सात नंबरची. "म्हणजे बराकीतली काय?" सगळे हसले. तुम्ही खाली मान घालून पायातल्या चपलेकडे बघत बसलात. तेव्हा का नाही बोललात?

आता मी इथं समुद्रापार, पापाकुरा नावाच्या गावाच्या पलीकडे, काकडीच्या ग्लासहाऊसमध्ये कामाला जाते. त्या भागाचं नाव आर्डमोर. मालकीण ऐंशीची आहे, तिचे पणजोबा आयर्लंडवरून आलेले. अजून रोज येते आणि माझ्या शेजारी उभी राहून वेल दोरीला गुंडाळते. मी एकदा विचारलं, आर्डमोर म्हणजे काय हो? ती म्हणाली, "आयरिश नाव आहे. आर्ड म्हणजे उंच, मोर म्हणजे मोठं. मोठी उंच जागा." मला हसूच आवरेना. "इथं? इथं बादली सांडली तर पाणी जागचं हलत नाही!" खरंच आबा, ताटासारखी जमीन आहे. उंच काही असेल तर शेजारच्या धावपट्टीवरून उडणारी बारकी विमानं.

"हस, हस," ती म्हणाली. मग सांगायला लागली. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्या नावाचं गाव आहे, समुद्रावर आलेल्या कड्यावर. तिथं दगडी गोल मनोरा आहे, एका जुन्या संताचं ठाणं आहे, त्याची विहीर आहे, लोक अजून तिथं पाया पडायला जातात. इथं हे नाव नेमकं कुणी आणलं त्याचा कागद तिच्याकडे नाही. तिची आजी म्हणायची, तिकडची आठवण येणाऱ्या कुणीतरी ठेवलं असणार. इथं तर तेव्हा दलदल होती. मी म्हटलं, "आणि त्याआधी इथल्या मूळच्या माओरी लोकांनी ठेवलेलं नाव असेलच की." ती म्हणाली, "होतंच ना. त्यांना कुणी विचारलं नाही." एवढं कबूल केलं म्हातारीनं. मी काय, सोडते थोडीच. म्हटलं, मग हे नाव खोटंच झालं. तर म्हणते, "खोटं कसं? ज्यानं ठेवलं त्यानं ती उंच जागा बघितली होती ना?"

आबा, माझ्या हातातला वेल मोडला. दहा वर्षांची असताना तुम्हाला हेच उत्तर द्यायचं होतं मला, सापडलं नव्हतं.

औंदा आम्ही घर घेतलं, थोडी जागा आहे, दारात फाटक आहे. इकडे शहराबाहेर राहणारी माणसं फाटकावर घराचं नाव लावतात. लेक म्हणाली, "मम, नोबडी कॅन से दॅट. जस्ट पुट द नंबर." पोरगी तुम्हाला कधी भेटली नाही, पण बोलली हुबेहूब तुमच्यासारखी. मी म्हटलं, "नंबर पुरे झाला मला जन्माचा. ज्याला म्हणता येत नाही तो शिकेल. मी नाही का इथली नावं शिकले?" तिचा बाप हसत हसत ड्रिल आणायला गेला. आणि हे पण ऐकून ठेवा, मी कुणाच्या नावावर आपलं नाव थापलेलं नाही. रस्त्याला त्याचं आहे ते आहे, गावाला गावाचं आहे ते आहे. माझ्या फाटकापुरतं माझं.

उंबर इथंही नाही. लावणारही नाही, तुम्हाला खूश करायला. तो मी बघितलाय, बास. तुम्हाला वाटायचं, नाव तिथंच बुडू द्यावं, नाहीतर गाव बुडालं ते लोक विसरतील. उलटं झालं आबा. सात नंबरची आजची पोरं त्याला सात नंबरच म्हणतात, आणि आधी काय होतं ते त्यांना ठाऊक नाही. हे तुमच्या हट्टानं झालं. मी तोंडावर बोलले नाही कधी, आता बोलते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. ड्रॉवरमध्ये राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय त्या पाटीपुढून जाणं बरं वाटत नाही. ट्रक निघाला तेव्हा तुम्ही रडत होतात, आई रडत होती, मीही परकरात तोंड खुपसून बसले होते. आई सगळ्यांना सांगायची, पोरीनं फार मनाला लावून घेतलं. मी रडत नव्हते आबा. नव्या जागी दारात नळ आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. उद्यापासून नदीवर हंडा घेऊन जायचं नाही, म्हणून मला हसू येत होतं, आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून तोंड झाकलं होतं.