आठवा मजला, बँकॉक

१२ जानेवारी २०२५, रविवार
निवृत्त होऊन दोन महिने झाले. आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. विषय एकच: परदेशात फ्लॅट घेणे. तिकडे त्याला कॉन्डो म्हणतात.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच शंका नको. डिसेंबरात निवृत्त शिक्षकांच्या टूरबरोबर बँकॉकला गेलो. चार रात्री. चारही रात्री जमीन हलली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे भूकंपाचे हादरे सुरू झाले, तेव्हापासून आमच्या गावी, सायवनला, एवढी निवांत झोप मला तरी आठवत नाही. शेवटच्या दिवशी हॉटेलसमोरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर एक माणूस बनियनवर चहा पीत उभा होता. कपबशी अजिबात हलत नव्हती. तेव्हाच ठरवलं.

ग्रॅच्युइटी बँकेत पडून आहे. बायकोला, म्हणजे सोनीबाईला, योग्य वेळ पाहून सांगेन.

१९ जानेवारी
सांगितलं. वेळ योग्य नव्हती.

ती म्हणाली, आधी आपलं घर बघा. आपलं घर २०११ चं, स्लॅबचं, मी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. मागच्या भिंतीला तडा आहे, खिडकीपासून मोरीपर्यंत. त्यात पेन्सिल जाते, पेन जात नाही. पेन जाईल तेव्हा पाहू, असं मी २०१९ पासून म्हणतोय. भूमिका बदललेली नाही.

सोनीबाई गेली दोन वर्षं अंगणात मांडवाखाली झोपते. पावसात माझ्या थोरल्या भावाच्या, काकड्यादादाच्या पडवीत. आता तिला अंगणापलीकडे कुडाचं घर हवंय. कारवीच्या भिंती, वर शेणमाती, छपराला कौलं. म्हणाली, अंगावर पडलं तरी माणूस मरत नाय. पैसे नकोत तिला. कारवी जंगलातली, हात घरचे. फक्त मी पाच-सहा दिवस मदतीला यायचं आणि पावसाआधी तिच्याबरोबर तिकडे राहायला जायचं, एवढंच.

अठ्ठावन्न वर्षं वयाच्या हेडमास्तरने कुडाच्या घरात जायचं? बँकॉकचं मिटलं की बघतो म्हटलं.

२ फेब्रुवारी
डहाणू रोडला हॉटेलात सेमिनार. विषय: थायलंडमध्ये प्रॉपर्टी. वापीचा जिग्नेश म्हणून तरुण बोलला. टाय घातलेला, घामाघूम. त्याच्या मते कॉन्डो दोन प्रकारचे. जुने: पंचवीस-तीस वर्षांचे, सात-आठ मजली, खोल्या मोठ्या, लिफ्ट हळू. नवे: तीस-पस्तीस मजली, खोल्या लहान, गच्चीवर स्विमिंग पूल, खाली मेट्रो. लोकांनी भाडं किती येईल ते विचारलं. मी विचारलं, भिंती किती इंचांच्या?

जिग्नेश म्हणाला, सर, आजसुधी कोणी भिंतीचं विचारलं नाय. म्हणजे या विषयात माझ्यापुढे कोणी नाही.

येताना दोनशे पानी वही घेतली. दोन रकाने आखले. जुना. नवा.

९ फेब्रुवारी, दुपारी ३.२०
हादरा. ताटं वाजली, वाट्या गप्प. मी म्हटलं २.६. फोनवरच्या अ‍ॅपवर आलं २.७.

स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी हे माझं यंत्र. नुसती ताटं वाजली तर तीनच्या आत. वाट्या वाजल्या तर तीनच्या वर. हंडा सरकला तर साडेतीन. सहा वर्षांत फार तर चारदा चुकलो असेन.

सोनीबाई बाहेर पळाली, शेजारची बायजी पळाली. मी बसून चहा संपवला. मला काहीच होत नाही. प्रगतीला फोन करून हे सांगितलं. प्रगती म्हणजे मुलगी, सिल्वासाला नर्स आहे. ती म्हणाली, बाबा, हे काही चांगलं लक्षण नाही, तुम्ही बधिर झालात. आजी गेली तेव्हासुद्धा तुम्ही हजेरीपट पुरा करून आलात.

हजेरीपट महिनाअखेरचा होता. धैर्याला नर्सिंगमध्ये शब्द नसावा.

२ मार्च
वहीची बेचाळीस पानं भरली. निकाल: नवा, तिसाव्या मजल्यावरचा. जमीन जितकी लांब तितकं बरं. शिवाय जिम, वाचनालय. फोटोत वाचनालयात पुस्तकं दिसत नाहीत, पण खुर्च्या उत्तम आहेत.

काकड्यादादा कारवीच्या मोळ्या टाकून गेला. पासष्टीचा आहे, अजून नांगर धरतो. घराची मापं घ्यायला कधी येतोस म्हणाला. बँकॉकचं ठरल्यावर, म्हटलं. त्याने विचारलं, तठं भात पिकतं का? म्हटलं, भरपूर. त्याचं समाधान झालं. मापं त्याने एकट्यानेच घेतली.

२८ मार्च, शुक्रवार
बँकॉकला भूकंप. केंद्र म्यानमारात, पण बँकॉकपर्यंत हललं. टीव्हीवर उंच इमारतीच्या गच्चीवरून स्विमिंग पूलचं पाणी धबाधबा खाली पडत होतं. लोक रस्त्यावर. किंकाळ्या.

सोनीबाई माझ्यामागे उभी राहून पाहत होती. मग नागलीच्या भाकरी थापायला गेली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

मला काय वाटलं? काही नाही. खरंच काही नाही. नोंद केली: पूल नको.

३० मार्च, पाडवा
शांतपणे विचार केला. ही आपत्ती नाही, संधी आहे. बँकॉकला फ्लॅट घेणारे जगभरचे हजारो, पण सहा वर्षं हादरे खाल्लेलं गिऱ्हाईक त्यांत मी एकटाच. आता भाव उतरतील आणि बाकीचे घाबरतील. जिग्नेशला फोन केला. त्याचा आवाज बसलेला. म्हणाला, सर, थोडा टाइम जाऊ द्या ना. मीच त्याला धीर दिला.

निकाल बदलला: जुना. आठ मजल्यांच्या वर नको. तीस वर्षं उभी आहे म्हणजे इमारतीने सगळं पाहिलं आहे. प्रगतीने विचारलं, मग आपलं चौदा वर्षांचं घर? ते मध्येच अडकलंय, धड जुनं नाही, धड नवं नाही. त्याची तुलना होऊ शकत नाही.

१३ एप्रिल, सकाळी ११
व्हिडिओ कॉल. जिग्नेशच्या ओळखीच्या तिथल्या बाईंनी १९९४ सालच्या इमारतीतला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. मी त्यांना प्रत्येक भिंतीवर नाणं वाजवायला लावलं. बिचारीने वाजवलं. बाथरूममध्येही. आवाज समाधानकारक.

मग मुद्द्याचा प्रश्न: भूकंपात कोणत्या भिंतीवरची भांडी पडली? आमच्याकडे हादऱ्यानंतर माणसं एकमेकांना हेच आधी विचारतात, त्यावरून कुठली भिंत कच्ची ते कळतं. उत्तर आलं, भांडी नाहीत. लोक बाहेरच जेवतात. एक किटली होती, ती जागची हलली नाही. किटलीवरून काय कळणार? मी सुचवलं, माझ्या खर्चाने सहा स्टीलची ताटं फळीवर महिनाभर उभी ठेवा आणि काय होतं ते कळवा. जिग्नेशने याचं भाषांतर बराच वेळ केलं. बाई हसल्या. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

२७ एप्रिल
समोर बांधकाम चालू आहे. दादा खांब रोवतो, सोनीबाई आणि बायजी कुडाला शेणमाती लिंपतात. मी ओट्यावर बसून देखरेख करतो. दादाला म्हटलं, आढ्यावर लोड किती येणार ते काढलंस का? त्याने आढ्याला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं. पाय हलवले. म्हणाला, बघ.

अशाने काही सिद्ध होत नाही. पण वहीत लिहून ठेवलं.

४ मे
जिग्नेशला थेट विचारलं, तू स्वतः काय घेशील, जुना की नवा? म्हणाला, सर, खोटं नाय बोलणार, मी तर वापीला तळमजल्यावर राहतो, मम्मी वर चढू देत नाय.

तरुण माणूस, पण आईच्या मुठीत. अशाने धंदा कसा वाढणार?

११ मे
अंतिम निर्णय: जुना. आठवा मजला. बुकिंगचा फॉर्म आला. दुसरं नाव सोनीबाईचं. तिला बसवून सगळं वाचून दाखवलं. लिफ्ट, सोसायटीचं ऑफिस, चोवीस तास गार्ड. ती हात पुसत ऐकत होती. शेवटी एकच विचारलं: तठं भिंत पडली तर तुमाना हाक कोण मारील?

दोन्ही रकाने पाहिले. गार्ड आहे, म्हटलं. तिने विचारलं, त्याना तुमचा नाव ठाव हाय? मी म्हटलं, रजिस्टरमध्ये असतं.

तिने सही केली. भांडण नाही, रडणं नाही. लग्नानंतर मीच तिला सही शिकवली, अजून तशीच करते, शेवटच्या अक्षराला जरा दमून. मग म्हणाली, उद्या मी भांडी नेते.

१२ मे
नेली. कुडाच्या घरापर्यंत पाच फेऱ्या झाल्या. ताटं, वाट्या, हंडा, शेवटी मांडणीच. तिची खाट कालच गेली. भिंतीवर मांडणीच्या जागी चौकोनी पांढरा डाग उरलाय.

माझं यंत्र गेलं. बाकी फरक नाही. जेवण तिकडून येतं. घरावर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजेच. ती जेवायला बोलावते, पण माझं काम इकडे आहे. काम काय, ते आज आठवत नाही.

२५ मे
पाऊस लवकर आला. मागची भिंत ओली. सहज म्हणून पाहिलं, तड्यात पेन गेलं. निरोप समारंभात मिळालेलं. तपासलं, ते पेन मुळात बारीकच आहे. या पेनवरून निष्कर्ष काढता येणार नाही.

फॉर्म अजून पाठवला नाही. पाकिटावर पत्ता लिहून टेबलावर ठेवलाय. घाई नाही. जिग्नेशचाही फोन नाही.

सोनीबाईच्या घरातून बोलण्याचे आवाज येतात. बायजी असते, दादा असतो. हसतातही. मी दिवसभर कोणाशी बोललो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१ जून, रविवार, दुपारी २.१०
मोठा हादरा. निदान चारचा. खाट हलली, छाती हलली, दात वाजले. सहा वर्षांत पहिल्यांदा पळालो. अनवाणी. ओट्याच्या पायरीवरून पडलो, गुडघा फुटला.

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. दादा नांगराला फाळ बसवत होता. सोनीबाई बियाण्याची नागली पाखडत होती. मी ओरडलो, किती होता? दादा म्हणाला, काय किती? कोणाला काही कळलंच नव्हतं. धावत सोनीबाईच्या घरात गेलो. मांडणीवरची ताटं उभीच्या उभी. अ‍ॅप पाहिलं. नोंद नाही. दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. नाही. माझं अंग मात्र हलतच होतं. दादाने दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, सुदाम, जमीन नाय हलत, तू हलतोस.

सोनीबाईने गुडघा धुतला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी घाबरलो आहे. हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय. बहुतेक २०१८ पासूनच घाबरलेलो आहे.

४ जून, संध्याकाळी
जिग्नेशला फोन केला. जुना नको, नवाही नको. तो म्हणाला, बरोबर केलं, सर. एवढ्या पटकन म्हणाला की वाईट वाटलं.

सोनीबाईला विचारलं, आणखी एक खाट मावेल का? म्हणाली, दादाने पहिल्या दिवशीच दोन खाटांचं माप धरलंय, तुमीच आला नाय मापाला. त्या जागेवर बियाण्याचे कणगे होते, ते तिने सरकवले.

खाट आणायला गेलो. दारापर्यंत ठीक. उंबऱ्याशी पाय उचलेना. मी उभं राहून बांधलेलं घर, आणि पाय उचलेना. दादा आत गेला आणि खाट डोक्यावर घेऊन आला. मग सोनीबाई गेली. माझे कपडे, चष्मा, गोळ्या, ही रोजनिशी गोळा करत होती. मी बाहेरून मागची भिंत बघत होतो. आतून तिने विचारलं, टेबलावरचं पाकीट घेऊ का, आणि कपाटात काय राहिलंय?

मी ओरडलो, राहू दे सगळं, तू आधी बाहेर ये.

ती आली.