न आलेला ताप

नौपाडा, ठाणे
मंगळवार, दुपार

प्रिय नीलाताईस,

धाकट्या आनंदचा प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत, भाऊजी सांगितलेलं पथ्य पाळतात की नुसतं ऐकून घेतात, ते कळव. मी ठणठणीत आहे. हे वाक्य लिहितानाही लाज वाटते, कारण गेल्या आठवड्यात मी ताप आल्याचं सांगितलं होतं, आणि तेही दोन लेकरांसमोर.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वी पाळकसाहेब परगावी गेले होते, म्हणून रविवारचा उपदेश माझ्याकडे आला. विषय मीच निवडला : लेकरांची निःस्वार्थ सेवा. (मी अविवाहित, बँकेतून निवृत्त, घरात एक मांजरसुद्धा नाही. या विषयावर चाळीस मिनिटं बोलायला एवढं अज्ञान लागतंच.) उपासना संपून बाहेर चहा चालला होता, तेव्हा मंजुळा उजागरे पाळकीणबाईंना हळूच विचारत होती की बुधवारी कल्याणला तिचं पोटाचं ऑपरेशन आहे, नवरा बोटीवर आहे, तर मुलांना दहा-बारा दिवस कोणाकडे ठेवता येईल का. ताई, कप वाजायचे थांबले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "माझ्याकडे." पाळकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते स्वतःच्या चांगुलपणाचं होतं.

भाविका नऊ वर्षांची, संदेश पाच. पहिल्या सकाळी भाविका कंगवा घेऊन समोर बसली. मी वेणी घालायला घेतली ती शाळेची रिक्षा खाली भोंगे वाजवून निघून गेली तरी संपली नाही. शेवटी मी तिच्या केसांना बँकेच्या फायलींची नाडी बांधली. डब्यात तीन दिवस पाव-जॅम दिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, आजपण तेच दिलंत तरी चालेल. मी मैत्रिणीबरोबर बदलते." संदेशने शनिवारी आणि रविवारी रात्री माझी गादी भिजवली. सोमवारी सकाळी मी दुसऱ्यांदा घासलेली गादी गच्चीत टाकून खाली आलो, तर तो मोरीत बसून माझी कवळी घासत होता. मदत म्हणून. बुटाच्या ब्रशने, आणि ब्रशवरचं काळं पॉलिश दातांवर उतरलेलं.

इथपर्यंत तू हसली असशील. पुढचं हसण्यासारखं नाही. मी ओरडलो. "तुमच्या आईला सांगतो, घेऊन जा म्हणावं यांना," असं काहीतरी मोठ्याने बोललो. पोर रडलं नाही. आत गेलं, आपली पिशवी भरली आणि उलटसुलट बूट घालून दाराशी उभं राहिलं. त्याला जवळ घ्यायला हवं होतं, ताई. मला काय वाटलं सांगू? पिशवी आयतीच भरली आहे.

तेवढ्यात सखुबाई आली. ही चेंदणीची कोळीण, वीस वर्षं माझ्या दारी मासळी घालते. मी कपाळाला हात लावून म्हणालो, मला ताप भरलाय, मुलांना लागण होईल, दोन दिवस ठेवशील का? तिने टोपली उतरवली, मुलांकडे बघितलं, संदेशचे बूट सरळ केले आणि म्हणाली, "चल रं." (दोन दिवसांचे सहा झाले. त्या सहा दिवसांत मंजुळाचा रोज फोन यायचा आणि मी सांगायचो, मुलं मजेत आहेत. तेवढं खरं होतं.) मी सखुबाईला वर सूचनाही दिली होती, जेवणाआधी प्रार्थना चुकवू नकोस. तिला आमची प्रार्थना कुठली येणार. ती भाविकाला म्हणायला लावायची आणि स्वतः हात जोडून शेजारी बसायची. भाविका रोज त्यात माझा ताप घालत होती, हे मला नंतर कळलं.

परवा रविवारी सकाळी मी मुलांना घ्यायला गेलो. दोघं न्हालेली, भाविकाच्या दोन घट्ट वेण्या. तशीच त्यांना प्रार्थनामंदिरात घेऊन गेलो, जणू माझ्याच घरून आणली. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं, शाल घातली, फोटो काढला. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना ती नम्रता वाटली. तेवढ्यात भाविका उठून म्हणाली, "काकांना खुर्ची द्या ना, त्यांना ताप आहे." झालं. अंगात ताप असतानाही लेकरं सांभाळली, म्हणून पाळकसाहेबांनी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो, ताई. सगळ्यांबरोबर, मोठ्याने.

उपासनेनंतर मी मुलांना घेऊन परत सखुबाईकडे गेलो. ती ओट्यावर जाळं शिवत होती. मुलं आत पळाली. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मला ताप आलाच नव्हता.

"ठाव हाय मना," ती वर न बघता म्हणाली. "ताप आयलेला मानूस त्याच दिवशी अर्धा किलो कोलंबी सोलून मागतो काय?"

(मागितली होती. चांगली झाली होती.)

"मग मुलं का नेलीस?"

"तू खोटा बोललास म्हनून पोरांनी उपाशी रवायचा काय? पोरां ना तुजी ना माजी. कोनीतरी जेवान वाडायला पायजे व्हता."

एवढंच बोलली. मी शाल तिला देऊ लागलो, तर म्हणाली, उकडतं रं, ठेव तुलाच.

मुलांना मी घरी आणलं आहे. काल कल्याणला जाऊन मंजुळाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आता तुमच्याकडे आहेत ना?" मी हो म्हणालो. "संदेशला रात्री एकदा उठवा, म्हणजे गादी भिजत नाही." मला रागवलीसुद्धा नाही, आणि तेच सहन होत नाही.

भाऊजींना सलाम. माझ्यासाठी प्रार्थना कर, पण तापासाठी नको.

तुझा भाऊ,
आनंद

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. पाळकसाहेबांनी तो शालीचा फोटो आणि 'निःस्वार्थ सेवेचा नमुना' नावाचा मजकूर तुमच्या मंडळीच्या मासिकाला पाठवला आहे. त्याचा अंक तूच जुळवतेस. तो मजकूर छापू नकोस, त्या जागी हे पत्र छाप. फक्त माझ्या नावाऐवजी 'ठाण्यातील एक बंधू' असं घातलंस तरी चालेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. चालणार नाही. नाव घाल, आडनावासकट. आणि सखुबाईचं माझ्याआधी.